‘वाल्ह’ : परक्याचें नांव

ज्या शब्दाची हकीकत आज सांगावयाची आहे, तो आतां कोणत्याही चालू भाषेंत जसाच्या तसा उरलेला नाहीं. ‘वाल्ह’ हा तो शब्द. आपल्या वाल्या कोळ्याशीं त्याचें कांहीं नातें नाहीं, हें प्रथमच सांगून टाकलेलें बरें. प्राचीन जर्मानिक टोळ्या आपल्या दक्षिणेकडील व पश्चिमेकडील शेजाऱ्यांस या नांवानें ओळखीत. अर्थ, परका.

ज्यूलियस सीझरनें गॉलच्या युद्धवृत्तांतांत ऱ्हाईन नदीपलीकडे, हर्सिनियन अरण्यानजीक राहणाऱ्या ‘वोल्के’ नांवाच्या केल्टिक जमातीचा उल्लेख केला आहे. बहुतेक भाषाशास्त्रज्ञांच्या मतें जर्मानिक लोकांनीं तिचेंच नांव उचललें. याकोब ग्रिम यानें १८२२ सालीं मांडलेल्या वर्णपरिवर्तनाच्या नियमाप्रमाणें जुन्या ‘क’चा जर्मानिक भाषांत ‘ह’ होतो. ज्या अर्थीं ‘वोल्क’चा ‘वाल्ह’ झाला, त्या अर्थीं हें परिवर्तन घडण्यापूर्वींच शब्द उसना घेतला गेला असला पाहिजे. एका जमातीचें नांव मग सर्व केल्टांस लागलें; आणि केल्ट लॅटिन बोलूं लागल्यावर सगळ्या लॅटिनभाषी प्रजेस. म्हणून, वाटेल त्या परक्यास नव्हे, तर केल्टिक वा लॅटिन बोलणाऱ्यासच हें नांव मिळे, असें ऑक्सफर्डचे टोल्किन यांनीं १९५५ च्या एका व्याख्यानांत सांगितलें. तें मला पटतें.

शब्दाची खरी धार दिसते ती ब्रिटनमध्यें. पांचव्या शतकापासून अँग्लो-सॅक्सन तेथें येऊन स्थायिक झाले, आणि मूळच्या रहिवाशांसच त्यांनीं ‘वेआल्ह’ म्हटलें. पाहुण्यानें घरांत शिरून यजमानासच परका म्हणावें, तसा हा प्रकार! वेसेक्सचा राजा इनी याचे सातव्या शतकाच्या अखेरचे कायदे उपलब्ध आहेत. त्या काळीं मारेकऱ्याला मृताच्या कुटुंबास रक्तद्रव्य भरावें लागे. साध्या स्वतंत्र सॅक्सन शेतकऱ्याचें मोल २०० शिलिंग होतें. ‘वेआल्ह’जवळ एक ‘हाइड’, म्हणजे एका कुटुंबाच्या निर्वाहापुरती जमीन असली तर त्याचें १२०, अर्धा हाइड असला तर ८०, आणि जमीन मुळींच नसली तर अवघें ६०. कायद्यानें त्यास अगदींच वाऱ्यावर सोडलें नव्हतें, हें खरें. पण ज्या मातीत त्याचे पूर्वज नांदले, त्याच मातीत त्याच्या प्राणाचा दर निराळा ठरला. पुढें तर या शब्दास ‘गुलाम’ असाही अर्थ चिकटला.

‘वेल्स’ हें नांव यांतूनच आलें. ‘कॉर्नवॉल’चें शेपूटही त्याचेंच. वेल्सचे लोक मात्र स्वतःस ‘कम्री’ म्हणवितात. त्याचा मूळ अर्थ, एका भूमीचे सोबती.

युरोपखंडांतही हा शब्द पुष्कळ हिंडला. बेल्जममधील फ्रेंचभाषी ‘वालून’ त्याच्याच वंशांतले. जर्मन लोक इटलीस ‘वेल्शलांड’ म्हणत, आणि न समजणाऱ्या बोलीस अद्यापि ‘काउडरवेल्श’ म्हणतात. जर्मानिकांपासून तो स्लाव्हांनीं घेतला. पोलंडांत इटलीचें नांव ‘व्वोखी’, तर हंगेरियन भाषेंत इटालियन माणूस ‘ओलास’ आणि रुमानियन माणूस पूर्वीं ‘ओलाह’ म्हणवे. डॅन्यूबच्या उत्तरेचा ‘वालाकिया’ प्रांत याच शब्दानें जगास ठाऊक झाला. पण तेथील लोक आपल्या देशास रुमानियनांची भूमि म्हणत, रोमचा वारसा सांगत. १८५९ सालीं तो मोल्डाव्हियाशीं जोडला गेला आणि लवकरच नव्या राज्यानें ‘रुमानिया’ हेंच नांव धारण केलें. इंग्रज गृहिणीच्या फडताळांतील ‘वॉलनट’, म्हणजे आपला अक्रोड, हाही मुळांत ‘वाल्हांच्या मुलखांतलें फळ’.

ज्याची भाषा कळत नाहीं त्यास नांवें ठेवणें हें कांहीं जर्मानिकांचेंच वैशिष्ट्य नव्हे. ग्रीकांचा ‘बार्बारोस’ आणि आपला ‘म्लेच्छ’, हे दोन्ही शब्द अस्पष्ट बोलण्यावरूनच आले. जर्मनांवर तरी हा प्रसंग कोठें टळला? स्लाव्ह लोक त्यांस ‘नेमेत्स’ म्हणूं लागले; हा शब्द ‘मुका’ या अर्थाच्या शब्दापासून निघाला, असें सामान्यतः मानतात. हंगेरियनांनीं तो घेतला, तुर्कांनीं घेतला, आणि त्यांच्यामागून अरबी भाषेंत जाऊन पोंचला. अरब आजही ऑस्ट्रियास ‘नम्सा’ म्हणतात.