हिंसादृश्ये, वृत्तमाध्यमांतील
युद्ध, दहशतवादी हल्ला, दंगल, अपघात इत्यादींतील मृतदेह, जखमा व रक्तपात यांचे बातमीचा भाग म्हणून केलेले प्रकाशन वा प्रसारण.

अमेरिकी यादवी युद्धातील अँटिएटमच्या रणभूमीवरील मृत सैनिकांची छायाचित्रे १८६२ मध्ये न्यूयॉर्क येथे प्रदर्शित झाली. तेथून अशी दृश्ये दाखवावीत की नाही, या प्रश्नाला आधुनिक रूप आले (→ वृत्तछायाचित्रण).

असे दृश्य पुरावाही असते आणि आघातही. भोपाळ वायुदुर्घटनेतील (१९८४) दफन होत असलेल्या बालकाचे छायाचित्र याचे ठळक उदाहरण होय. चहूबाजूंनी माती, मध्ये फक्त चेहरा आणि उघडे, निष्प्रभ डोळे. त्यात रक्ताचा थेंबही नाही. तरीही दुर्घटनेची भीषणता जगापुढे आली, ती मुख्यतः या चित्रामुळे (→ भोपाळ वायुदुर्घटना).

मुंबईवरील २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात प्रश्न अभिरुचीपुरता उरला नाही. कमांडो कारवाईचे थेट प्रक्षेपण सीमेपलीकडील सूत्रधारांच्या उपयोगी पडले. या वार्तांकनाचे समर्थन अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या आधारे करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये या हल्ल्यातील दहशतवादी कसाब याच्या खटल्याच्या निकालात नमूद केले. २०१५ पासून अशा कारवाईचे थेट प्रक्षेपण केबल नियमांनुसार निषिद्ध असून, ती संपेपर्यंत नियुक्त अधिकाऱ्याने वेळोवेळी दिलेली माहितीच दाखवता येते (→ केबल दूरचित्रवाणी अधिनियम, १९९५).

मृतांची प्रतिष्ठा व नातेवाइकांचे खाजगीपण हा या विषयाचा गाभा होय. समाजमाध्यमांवरील चित्रफिती चेहरे न झाकता, संपादनाविना दाखवल्या जात असल्याबद्दल केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने जानेवारी २०२३ मध्ये दूरचित्रवाहिन्यांना सूचनापत्र पाठवले.