खोडलेली किंमत

ऑनलाइन बाजारात मोबाइल, टीव्ही किंवा लॅपटॉपच्या शेजारी दोन किमती दिसतात. वरची आडवी रेघ मारून खोडलेली असते, खालची ठळक असते, आणि दोहोंमधला फरक टक्क्यांत मांडलेला असतो. खोडलेली किंमत म्हणजे एमआरपी, कमाल किरकोळ किंमत. ग्राहकाकडून याहून जास्त पैसे कोणी घेऊ नयेत, म्हणून कायद्याने घातलेली ही मर्यादा. ऑनलाइन व्यापाराने तिला सूट मोजण्याचा पाया बनवले. या उपकरणांच्या विक्रीतील किमतीचा इतिहास बऱ्याच अंशी या बदलाचा इतिहास आहे.

वेष्टनबंद मालावर किंमत छापण्याचे बंधन १९७७च्या वजन-मापविषयक नियमांनी आले. तेव्हा किमतीपुढे ‘स्थानिक कर वेगळे’ असे लिहिण्याची मुभा होती, आणि त्या कराच्या नावाखाली दुकानदार वाटेल ती रक्कम लावत. म्हणून १९९०मध्ये सर्व करांसह एकच कमाल किंमत छापणे सक्तीचे झाले. या दुरुस्तीचा एक परिणाम मात्र कमी चर्चिला गेला. राज्याराज्यांचे विक्रीकराचे दर वेगळे, वाहतुकीचा खर्च वेगळा, काही शहरांत जकात. सगळ्या देशासाठी एकच आकडा छापायचा तर उत्पादक तो सर्वांत महाग ठिकाणी पुरेल एवढा, आणि वर थोडा सैल, ठेवू लागले. हा सैलपणा म्हणजेच पुढच्या सगळ्या सवलतींचे भांडवल.

त्या सैलपणात घासाघीस चालत असे. मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि पुण्यातील बुधवार पेठेची तापकीर गल्ली येथे एकाच वस्तूचे भाव दुकानागणिक बदलत. पक्क्या बिलाचा भाव वेगळा, बिलाविना वेगळा. बिल नसले की कर वाचे, पण वॉरंटीही हातची जाई. भाव काढायला चार दुकाने फिरावी लागत, आणि ज्याला फिरायला वेळ नसे त्याला ती वस्तू महाग पडे. माहिती मिळवण्याच्या या खर्चावरच किरकोळ विक्रेत्याचा नफा उभा होता.

सवलतीला जाहिरातीचे रूप ऑनलाइन बाजाराच्या आधीच आले होते. १९९०च्या दशकाच्या मध्यावर बॅरन इंटरनॅशनल या कंपनीने अकाई टीव्ही विकताना जुना संच परत घेऊन नव्यावर घसघशीत सूट देण्याची योजना राबवली. तोवर रंगीत टीव्ही ही वर्षानुवर्षे जपायची वस्तू होती. जुन्या संचाला किंमत आहे म्हटल्यावर बदलण्याचा विचार घरोघरी सुरू झाला, आणि प्रतिस्पर्ध्यांनाही तशा योजना आणाव्या लागल्या. आजचा ‘एक्स्चेंज बोनस’ त्याच कल्पनेचा वारस आहे.

ऑनलाइन विक्रीची पहिली पावले लिलावाच्या वाटेने पडली. २०००मध्ये सुरू झालेली बाझी डॉट कॉम ही कंपनी २००४मध्ये ईबेने घेतली. तिथे वापरलेला कॅमेरा किंवा फोन बोली लावून विकला जाई, म्हणजे भाव खरेदीदार ठरवत. भारतात ही पद्धत फार रुजली नाही. अनोळखी विक्रेत्याला आगाऊ पैसे देण्याची तयारी लोकांमध्ये नव्हती. ही अडचण सुटली ती फ्लिपकार्टने २०१०मध्ये माल हाती आल्यावर रोख देण्याची सोय केली तेव्हा. २००७मध्ये बंगळूरूत पुस्तकांपासून सुरुवात केलेल्या या कंपनीने त्याच सुमारास मोबाइल विकायला घेतले. पुस्तकाच्या तुलनेत मोबाइलची किंमत कितीतरी जास्त, पेटी लहान आणि मॉडेल सगळीकडे एकच. भावाची तुलना करायला याहून सोयीची वस्तू नाही. चार दुकाने फिरण्याचे काम आता घरबसल्या मिनिटभरात होऊ लागले.

जून २०१३मध्ये अ‍ॅमेझॉन भारतात उतरले आणि त्याच वर्षी फ्लिपकार्टने स्वतःचे संकेतस्थळ इतर विक्रेत्यांना खुले केले. परकीय भांडवल असलेल्या कंपनीला ग्राहकाला थेट किरकोळ माल विकता येत नव्हता. ती फक्त बाजारपेठ चालवू शके. म्हणून मधे विक्रेता उभा करण्याची रचना आली. फ्लिपकार्टवर डब्ल्यूएस रिटेल आणि अ‍ॅमेझॉनवर क्लाउडटेल हे सर्वांत मोठे विक्रेते होते. सवलतीचा भार नेमका कोण उचलतो हे या रचनेत ग्राहकाला दिसत नसे. गुंतवणूकदारांचे पैसे या विक्रेत्यांना माल पुरवणाऱ्या घाऊक कंपनीच्या तोट्यातून, कमी केलेल्या कमिशनमधून किंवा कॅशबॅकमधून अखेर किमतीत उतरत. स्वतःच्या खिशातून सूट देणारा गल्लीतला दुकानदार या स्पर्धेत टिकणे अवघड होते, आणि त्याची तक्रार रास्त होती.

फेब्रुवारी २०१४मध्ये मोटोरोलाचा मोटो जी फक्त फ्लिपकार्टवर आला. किंमत १२,४९९ रुपयांपासून. त्याच जुलैत शाओमीने एमआय ३ हा फोन १३,९९९ रुपयांना आणला. आधी नावनोंदणी, मग ठरल्या वेळी काही मिनिटांपुरती विक्री. सप्टेंबरमध्ये ५,९९९ रुपयांच्या रेडमी १एसचे ४०,००० नग काही सेकंदांत संपले. या किमतींमागचे गणित सवलतीचे नव्हते. राष्ट्रीय वितरक, जिल्हा वितरक आणि दुकानदार या साखळीतला वाटा वाचत होता, गोदामात माल पडून राहत नव्हता, आणि जाहिरातीचे काम टंचाईच करत होती. फोनच्या सुट्या भागांचे भाव महिन्यागणिक उतरत असल्याने तोच फोन जास्त काळ विकला की नफा वाढत जाई. इथे छापील किंमत आणि विक्रीची किंमत जवळजवळ एकच होती. खोडण्यासारखा आकडाच उरला नव्हता, म्हणूनच या काळातील किमती सर्वांत प्रामाणिक म्हणता येतील.

६ ऑक्टोबर २०१४ रोजी, दसऱ्यानंतर आणि दिवाळीच्या तोंडावर, फ्लिपकार्टने ‘बिग बिलियन डे’ भरवला. दहा तासांत सुमारे ६०० कोटींची विक्री झाल्याचे कंपनीने सांगितले. पण संकेतस्थळ कोलमडले, अनेकांच्या मागण्या रद्द झाल्या, आणि विक्रीपूर्वी किमती वाढवून मग सूट दिल्याचे आरोप झाले. काही वस्तूंच्या किमती आधीचे काही दिवस विनासवलत दरावर गेल्या होत्या, हे संस्थापकांनी माफीपत्रात मान्य केले. व्यापारी संघटनांच्या तक्रारी केंद्र सरकारपर्यंत पोहोचल्या. त्यानंतर सणाआधीचा महासेल ही वार्षिक प्रथा झाली. पितृपक्षात मंदावणारी आणि घटस्थापनेपासून उसळणारी महाराष्ट्रातील खरेदीही या वेळापत्रकाशी जुळून आली.

दुकानांच्या जगात एमओपी हा शब्द रुळलेला आहे: ज्या भावाखाली विकू नये असे कंपनी दुकानदाराला सांगते तो भाव. ऑनलाइन भाव त्याखाली गेला की दुकानदार वितरकाकडे तक्रार करतो, वितरक कंपनीकडे. या दाबामुळे कंपन्यांनी वेगळा मार्ग धरला. मुख्य भाव तसाच ठेवायचा आणि सूट बँकेच्या कार्डावर, जुन्या फोनच्या बदल्यात किंवा हप्त्यांत द्यायची. बिनव्याजी हप्त्यांबाबत रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३मध्ये आक्षेप घेतला होता. शून्य टक्के व्याज म्हणून व्याज दुसऱ्या नावाने वसूल होते, हे त्याचे कारण. नंतर आलेल्या ‘नो कॉस्ट ईएमआय’मध्ये बँक व्याज घेते आणि तेवढीच सूट किमतीत दिली जाते. व्याजावरचा जीएसटी मात्र बहुधा ग्राहकाच्याच माथी येतो.

मार्च २०१६च्या सरकारी पत्रकाने बाजारपेठ चालवणाऱ्या कंपनीला विक्रीच्या किमतीवर प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष प्रभाव टाकण्यास मनाई केली आणि एका विक्रेत्याचा वाटा २५ टक्क्यांवर मर्यादित केला. डिसेंबर २०१८च्या पत्रकाने, १ फेब्रुवारी २०१९पासून, कंपनीची भागीदारी असलेल्या विक्रेत्यांना त्याच ठिकाणी विकण्यास आणि एकाच बाजारपेठेत विकण्याच्या सक्तीला बंदी घातली. त्या दिवशी क्लाउडटेलचा माल अ‍ॅमेझॉनवरून गायब झाला; भागीदारी घटवल्यावर तो परतला. जानेवारी २०२०मध्ये दिल्लीच्या व्यापाऱ्यांच्या तक्रारीवरून स्पर्धा आयोगाने दोन्ही कंपन्यांच्या चौकशीचे आदेश दिले. मोबाइलवरील सवलती आणि ठरावीक विक्रेत्यांना मिळणारे झुकते माप हे तिचे मुख्य मुद्दे होते.

करांचे बदलही किमतीत उतरत गेले. जुलै २०१७मध्ये जीएसटी आला तेव्हा मोबाइलवरील दर १२ टक्के होता. १ एप्रिल २०२०पासून तो १८ टक्के झाला. आयात फोनवरील सीमाशुल्क २०१७च्या जुलैत १० टक्के होते, ते पुढच्या फेब्रुवारीत २० टक्क्यांवर गेले, आणि २०२४मध्ये १५ टक्क्यांवर उतरले. राज्यागणिक वेगळ्या करांचा आणि जकातीचा प्रश्न जीएसटीने संपवला, तरी सैल एमआरपीची सवय गेली नाही. १ जानेवारी २०१८पासून ऑनलाइन पानावर एमआरपी दाखवणे सक्तीचे झाले, आणि मर्यादा दाखवण्यासाठी केलेल्या या तरतुदीने खोडलेल्या आकड्याला कायद्याचा आधार मिळवून दिला. युरोपीय संघात २०२२पासून सवलत जाहीर करताना आधीच्या ३० दिवसांतील सर्वांत कमी किंमत सांगावी लागते. ग्राहकाला खरे उपयोगी असे हे बंधन आहे. भारतात तुलनेचा आधार छापील आकडाच राहिला. नोव्हेंबर २०२३च्या मार्गदर्शक सूचनांनी खोटी घाई दाखवणे आणि शेवटच्या पायरीवर छुपे शुल्क वाढवणे यांना मात्र आळा घातला.

२२ सप्टेंबर २०२५ रोजी, घटस्थापनेच्या दिवशी, ३२ इंचांहून मोठ्या टीव्हींवरील जीएसटी २८वरून १८ टक्के झाला, आणि लगेच दुसऱ्या दिवशी दोन्ही मोठ्या कंपन्यांचे सेल सुरू झाले. टीव्हीची किंमत जेवढी उतरली त्यातला किती भाग कराचा, किती कंपनीचा आणि किती बँकेचा, हे पानावरील एकाच टक्क्यातून ओळखता येत नव्हते.