सातारा-सांगली परिसर आणि शरीरद्रवांतील पेशीगणना : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

दक्षिण महाराष्ट्राच्या वैद्यकीय इतिहासात शल्यविशारदांची नावे ठळकपणे येतात. सूक्ष्मदर्शकावर बसून पेशी मोजणाऱ्याची नोंद मात्र क्वचितच आढळते. प्रस्तुत लेखात या दुर्लक्षित कामाचा सातारा व सांगली जिल्ह्यांच्या संदर्भात विचार केला आहे. सातारा जिल्ह्याचा काही भाग आणि विलीन संस्थाने मिळून १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला व १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. म्हणून दोहोंचा एकत्रित विचार सयुक्तिक ठरतो.

रक्तपेशी मोजण्याची पहिली पद्धती जर्मन संशोधक फिअरऑर्ट यांनी १८५२ मध्ये मांडली. पुढे १८९१ मध्ये क्विंके यांनी कमरेच्या मणक्यांतून सुई घालून द्रव काढण्याची रीत प्रसिद्ध केली. आपल्याकडील ‘पाठीतले पाणी काढणे’ ते हेच. त्यानंतर तीनच वर्षांनी, १८९४ मध्ये, कॅनडात जन्मलेले डॉ. विल्यम वॉन्लेस यांचे रुग्णालय मिरज संस्थानात उभे राहिले. या घटनांचा परस्परांशी थेट संबंध नव्हता. तथापि रुग्णालयीन वैद्यक आणि प्रयोगशाळा या दोन्ही गोष्टी या भूमीत एकाच कालखंडाच्या अपत्य होत.

पेशीगणनेचे साधन म्हणजे रेषांची जाळी कोरलेली काचेची पट्टी. फुक्स-रोझेन्थाल कक्षात ०.२ मिलिमीटर खोलीवर १६ चौरस मिलिमीटर क्षेत्र असते. दहा भाग द्रवात एक भाग रंगद्रव्ययुक्त असेटिक आम्ल मिसळले म्हणजे लाल पेशी विरघळतात व पांढऱ्या पेशींची केंद्रके उठून दिसतात. सर्व चौकटींतील संख्या तीनने भागली की एका घन मिलिमीटरमधील पेशी कळतात. निरोगी प्रौढात त्या पाचाच्या आत असतात. क्षयजन्य मेंदूज्वरात त्या बहुधा शेकड्यांत जातात व त्यांत लिंफोसाइट अधिक असतात. पूजनक जंतूंच्या मेंदूज्वरात अनेकदा हजारांवर जातात व न्यूट्रोफिल अधिक असतात. दोहोंचे उपचार सर्वस्वी भिन्न असल्याने या मोजणीवर रोग्याचे प्राण अवलंबून असत. वॉन्लेसवाडीसारखे क्षयरोग आरोग्यधाम ज्या परिसरात उभे राहिले, तेथे हा भेद केवळ पुस्तकी नव्हता.

परंतु हा द्रव प्रवास सोसत नाही. सामान्य तापमानात न्यूट्रोफिल तासाभरात सुमारे एकतृतीयांशाने व दोन तासांत निम्म्याने घटतात. म्हणजे जावळी, पाटण वा शिराळ्याच्या डोंगरी गावातून बाटली धाडणे व्यर्थ. रोग्यालाच जावे लागे. पुणे-मिरज लोहमार्ग लोणंद, वाठार, कराडवरून जातो व मिरज हे जंक्शन. या रुग्णालयाच्या कीर्तीचे श्रेय शस्त्रक्रियांना दिले जाते, ते योग्यच. पण प्रयोगशाळेच्या दृष्टीने आगगाडीचे ऋण त्याहून कमी नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

मिरजेत १९६२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, कराडला १९८४ मध्ये कृष्णा संस्था आणि साताऱ्यात २०२१-२२ या शैक्षणिक वर्षात शासकीय महाविद्यालय सुरू झाले व अंतर काहीसे घटले. दरम्यान कूल्टर यांच्या १९५३ च्या एकस्वातून यांत्रिक पेशीगणक निघाले. रक्तासाठी ते सर्वत्र रूढ झाले. शरीरद्रवांबाबत मात्र जुनी यंत्रे अत्यल्प संख्येवर विश्वासार्ह ठरत नसत. आताच्या काही यंत्रांत शरीरद्रवांसाठी स्वतंत्र सोय आहे. तरीही पाठीतल्या पाण्यात मोजक्याच पेशी असतील तर ती रेषांची काच आजही काढावी लागते.