मधल्या अंतराचा चष्मा

मराठीत ‘चाळिशी’ हा शब्द वयालाही लागतो आणि चष्म्यालाही. ‘माझी चाळिशी कुठे ठेवलीस?’ असे विचारणारे आजोबा पंचाहत्तर वर्षांचे असले तरी कुणाला त्यात विसंगती वाटत नाही. दुखणे, ते गाठणारे वय आणि त्यावरचा इलाज या तिन्ही गोष्टी भाषेने एकाच शब्दात बसवल्या आहेत. मात्र या शब्दात एक समजूतही दडलेली आहे. चाळिशी म्हणजे जवळचे न दिसणे आणि चष्मा म्हणजे जवळचे दाखवणारे साधन, अशी ती समजूत. जवळ आणि दूर, एवढीच दोन अंतरे तिला ठाऊक आहेत. माणसाचा दिवस मात्र या दोन अंतरांत बसत नाही. ओट्यावरची कढई, दुकानातली समोरची फळी, पेटीवर टेकवलेली गाण्याची वही, संगणकाचा पडदा, ताटापलीकडचा चेहरा हे सगळे मधेच कुठेतरी असते. प्रोग्रेसिव्ह भिंगाचा इतिहास हा या मधल्या अंतराचा इतिहास आहे.

तरुण डोळा हे काम आपल्या नकळत करत असतो. डोळ्यातले भिंग लवचिक असते. जवळ पाहताना त्याभोवतीचा स्नायू आकुंचन पावतो, भिंग अधिक फुगीर होते आणि प्रतिमा पडद्यावर नीट उमटते. ही ताकद डायऑप्टर या एककात मोजतात. दहा वर्षांच्या मुलात ती साधारण १४ असते, चाळिशीत ५च्या आसपास उरते आणि साठीत जेमतेम १. म्हणजे उतरण लहानपणापासूनच चालू असते. फक्त चाळिशीच्या सुमारास ती गरजेच्या रेषेला येऊन भिडते. ४० सेंटिमीटरवर धरलेले पुस्तक वाचायला २.५ डायऑप्टर लागतात आणि सगळी ताकद पणाला लावून डोळा फार वेळ वाचू शकत नाही. मग वर्तमानपत्र धरलेला हात लांब जाऊ लागतो. हा डोळ्याचा आजार नसून भिंगाचे कडक होत जाणे आहे, हे १८६४ साली फ्रान्सिस्कस डोंडर्स या डच वैद्यांनी आपल्या ग्रंथात पद्धतशीरपणे मांडले.

इलाज मात्र कारण कळण्याच्या कितीतरी आधी सापडला होता. इटलीत तेराव्या शतकाच्या अखेरीस चष्मा तयार झाला. १३०६ साली दिलेल्या एका प्रवचनात जोर्दानो या धर्मोपदेशकाने, ही कला निघून अजून वीस वर्षेही झाली नाहीत, असा उल्लेख केला होता. १३५२ साली तोमासो दा मोदेना या चित्रकाराने त्रेव्हिझो इथल्या मठाच्या भिंतीवर एक धर्मगुरू रंगवला आणि त्याच्या नाकावर चष्मा चढवला. चष्मा घातलेल्या माणसाचे हे सर्वांत जुने ज्ञात चित्र. हा माणूस लिहितो आहे, हे महत्त्वाचे. चष्मा जन्माला आला तोच पोथीसाठी. आपल्याकडेही त्याची सुरुवात तशीच दिसते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातले परशुराम कृष्ण गोडे यांनी भारतातल्या चष्म्याच्या इतिहासावर लिहिताना विजयनगरच्या व्यासतीर्थांच्या चरित्रकाव्याकडे लक्ष वेधले होते. सोळाव्या शतकातले हे स्वामी चष्मा वापरताना दिसतात तेही ग्रंथ वाचतानाच.

पोथी वाचणाऱ्याला वर पाहण्याची घाई नसते. पण ज्याला वाचता वाचता समोरच्या माणसाशी बोलायचे आहे, त्याचे काय? या अडचणीचे सर्वांत प्रसिद्ध उत्तर बेंजामिन फ्रँकलिन यांच्या नावावर आहे. अमेरिकेचे राजदूत म्हणून ते पॅरिसजवळ राहत होते. मे १७८५मध्ये, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी, त्यांनी जॉर्ज व्हॉटली या मित्राला पत्रात आपल्या दुहेरी चष्म्याची हकीकत कळवली. प्रवासात वाचायला एक आणि बाहेरचा देखावा पाहायला दुसरा, असे दोन चष्मे बदलण्याचा त्यांना कंटाळा आला. मग त्यांनी दोन्ही चष्म्यांच्या काचा कापून वर दूरची आणि खाली जवळची अशी अर्धी-अर्धी काच एकाच चौकटीत बसवून घेतली. याचा खरा फायदा त्यांना जेवणाच्या टेबलावर झाला. ताटातला घास तर दिसेच, शिवाय पलीकडे बसलेल्याचा चेहराही दिसे; आणि फ्रेंच भाषा कानाला पुरती सरावलेली नसल्यामुळे चेहऱ्यावरच्या हालचाली पाहून बोलणे समजायला मदत होई. ही कल्पना सर्वांत आधी त्यांनाच सुचली का, यावर अभ्यासकांत वाद आहे. पण तिची गरज त्यांच्याइतकी नेमकी क्वचितच कुणी सांगितली असेल. चष्मा आता एकट्या वाचकाचा राहिला नव्हता, तो माणसांत वावरणाऱ्याचा झाला होता.

बायफोकलने दोन अंतरे दिली आणि मधले गिळले. कसे ते पाहू. साठीतल्या माणसाला वाचनासाठी २.५ डायऑप्टरची भर दिली, तर खालच्या काचेतून ४० सेंटिमीटरवरचे स्पष्ट दिसते आणि वरच्या काचेतून लांबचे. ७० सेंटिमीटरवरची वस्तू वरूनही पुसट आणि खालूनही पुसट. शिवाय दोन काचांच्या सीमेवरून नजर खाली उतरली की प्रतिमा उडी मारते, कारण तिथे किरण वळवण्याची ताकद एकदम बदलते. जिन्याची पायरी आहे त्यापेक्षा वेगळ्याच जागी भासते. मधली उणीव जॉन आयझॅक हॉकिन्स या इंग्रज संशोधकाला जाणवली. ‘बायफोकल’ हा शब्दही त्यांनीच रूढ केला. १८२७च्या सुमारास त्यांनी तीन पट्ट्यांचा चष्मा काढला. अंतरे तीन झाली, पण रेघाही दोन झाल्या. पायऱ्या वाढवत नेल्याने उतार होत नाही.

उताराची कल्पना ओवेन एव्ह्ज या इंग्रज माणसाने १९०७ साली पेटंटमध्ये मांडली. वरून खाली येताना ताकद सलग वाढत जाईल असे हे भिंग होते, पण ते बाजारात आले नाही. अडचण कल्पनेपेक्षा घडणावळीची होती. शतकानुशतके भिंगे घासून बनवली जात. दोन पृष्ठे एकमेकांवर सर्व दिशांनी घासत राहिली की दोन्ही आपोआप गोलाच्या तुकड्यासारखी होतात, कारण गोलाची वक्रता सगळीकडे सारखी असते आणि म्हणूनच एक पृष्ठ दुसऱ्यावर कसेही सरकू शकते. भिंगकाराच्या साऱ्या कौशल्यामागे भूमितीची ही फुकटची मदत होती. ज्या पृष्ठाची वक्रता ठिकठिकाणी बदलते, तिथे ती मदत संपते. असे पृष्ठ घासून मिळत नाही, ते बिंदू-बिंदूने कोरावे लागते.

ते कोरून दाखवले बेर्नार मेतनाझ या तरुण फ्रेंच अभियंत्याने. वडिलांचा बायफोकल पाहून, नजर अशी मधेच तोडणे अस्वाभाविक आहे, असे त्यांना वाटले. ही गोष्ट १९५१ची, तेव्हा ते पंचविशीत होते. ते ज्या संस्थेत काम करत, तिचे मूळ १८४९ साली पॅरिसमध्ये चष्मा-कारागिरांनी स्थापन केलेल्या सहकारी संघात होते. मेतनाझना नवे पृष्ठ मोजावे लागले आणि ते कोरणारी व चकाकी देणारी यंत्रेही नव्याने उभारावी लागली. १९५३मध्ये पेटंटसाठी अर्ज झाला आणि मे १९५९मध्ये ‘व्हेरिलक्स’ या नावाने भिंग विक्रीस आले. वरचा भाग दूरसाठी, खालचा जवळसाठी आणि दोहोंना जोडणारा, ताकद हळूहळू वाढत जाणारा अरुंद पट्टा. रेघ नाही, उडी नाही. वाचताना डोळे नाकाकडे वळतात म्हणून पट्टाही खाली जाताना थोडा नाकाकडे कललेला. पुढे १९७२ साली ही संस्था सिलोर या दुसऱ्या कंपनीत मिसळून ‘एस्सिलोर’ झाली.

मधले अंतर परत मिळाले, पण फुकट नाही. १९६३ साली गुंटर मिंकविट्झ या जर्मन गणितज्ञाने त्याची किंमत सूत्रात मांडली. पट्ट्याच्या मध्यरेषेवर ताकद ज्या वेगाने वाढते, त्याच्या दुप्पट वेगाने बाजूंना दृष्टी विस्कटवणारी वक्रता साचत जाते. एक हिशेब करून पाहू. २ डायऑप्टरची वाढ १४ मिलिमीटर उंचीत बसवली, तर दर मिलिमीटरला ती ०.१४ होते आणि बाजूचा दोष दर मिलिमीटरला ०.२८च्या वर जातो. अर्धा डायऑप्टर दोष चालवून घ्यायचा म्हटले तरी स्वच्छ पट्ट्याची रुंदी साडेतीन मिलिमीटर. उंची २० मिलिमीटर केली, तर रुंदी पाच होते. पण मग वाचनाचा भाग इतका खाली जातो की लहान चौकटीत तो कापला जाण्याची भीती. धूसरपणा नाहीसा करता येत नाही, फक्त कुठे ठेवायचा ते ठरवता येते. तो थोड्या जागेत कोंबला तर तिथे दृश्य फार वाकते. मोठ्या जागेत पसरला तर सौम्य होतो, पण सर्वत्र थोडा-थोडा जाणवतो. पहिल्या व्हेरिलक्सने दूरचा आणि जवळचा भाग स्वच्छ राखून दोष मधल्या भागाच्या बाजूंना ढकलला होता. १९७२च्या दुसऱ्या आवृत्तीत तो अधिक पसरवला गेला, त्यामुळे मान वळवताना जग हेलकावण्याचा त्रास कमी झाला. २०००च्या आसपास संगणकाने चालणारी कोरणयंत्रे आली आणि प्रत्येकाचा नंबर, डोळ्यांमधले अंतर, चौकटीचा कल हे पाहून पृष्ठ घडवता येऊ लागले. सूत्र मात्र तेच राहिले.

म्हणून या चष्म्याचा फायदा नेमका सांगायला हवा. दूरची पाटी, समोरचा माणूस आणि हातातला कागद हे तिन्ही चष्मा न बदलता दिसतात. उडी नाहीशी होते. आणि रेघ नसल्यामुळे वय कळत नाही; विक्रीत या गोष्टीचाही वाटा मोठा होता. १९५९ साली मधल्या अंतराची ओढ थोड्यांना होती: वादक, शिक्षक, दुकानदार, कारागीर. पुढच्या काही दशकांत संगणक टेबलावर आला आणि कोट्यवधी माणसे दिवसभर ६०-७० सेंटिमीटरवर पाहू लागली. आधी बनलेल्या भिंगाला गरज नंतर सापडली. पण त्या अरुंद पट्ट्यातून आठ तास पडदा पाहायचा तर हनुवटी वर करून बसावे लागते आणि मान अवघडते. त्यासाठी मधला भाग रुंद असलेली, दूरचे थोडे सोडून देणारी वेगळी भिंगे निघाली.

दुसरी किंमत पायाखाली आहे. चालताना खाली पाहिले की वाचनाच्या भागातून जमीन दिसते, म्हणजे पुसट दिसते. ऑस्ट्रेलियात पडण्याचा धोका असलेल्या आणि बहुकेंद्री चष्मा वापरणाऱ्या ६०६ वृद्धांवर झालेला अभ्यास २०१०मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने छापला. त्यांतल्या काहींना बाहेर वापरण्यासाठी फक्त दूरचा साधा चष्मा दिला होता. जे नियमित बाहेर पडत, त्यांचे पडणे सुमारे ४० टक्क्यांनी घटले. जे फारसे बाहेर पडत नसत, त्यांचे बाहेरचे पडणे मात्र वाढले. एकच सल्ला सगळ्यांना लागू पडत नाही, हे याहून स्पष्टपणे सांगता येणार नाही.

आणि पुष्कळांना प्रोग्रेसिव्ह लागतही नाही. आसामात चाळिशी ओलांडलेल्या ७५१ चहामळा-कामगारांवर एक प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१८मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांना जवळचा साधा, स्वस्त चष्मा दिला, त्यांची पानतोडणी न दिलेल्यांपेक्षा २१.७ टक्क्यांनी अधिक वाढली. कोवळी पाने हातभर अंतरावर असतात. तेवढे एक अंतर परत मिळाले, तरी मजुरीत फरक पडतो. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार २०१५ साली जगात सुमारे १८० कोटी लोकांना चाळिशी होती आणि त्यांपैकी सुमारे ८३ कोटींपाशी चष्मा नव्हता किंवा पुरेसा नव्हता. साडेतीन मिलिमीटरच्या पट्ट्याची चर्चा करताना ही माणसे नजरेआड होऊ नयेत. १२८०च्या दशकातला शोध त्यांच्यापर्यंत अजून पोचलेला नाही.

ज्यांना निवड करता येते, त्यांनी दुकानात चौकट निवडण्याआधी आपल्या दिवसातली अंतरे मोजावीत. शिवणयंत्राची सुई, भाजीचा काटा, वर्गातला शेवटचा बाक, पडदा, गाडीचा आरसा यांतली आपली कोणती, आणि कुठल्या अंतरावर आपला सर्वांत जास्त वेळ जातो? फ्रँकलिन यांनी तेच केले होते. त्यांना ताट आणि चेहरा पाहायचा होता. ते त्यांनी आधी ठरवले आणि काच नंतर कापली.