पाटाचें पाणी आणि आभाळाचा कारभार

नाशिकास गोदावरीच्या पात्रांत दुतोंड्या मारुतीची मूर्ति उभी आहे. पावसाळ्यांत पूर किती चढला हें शहर त्या मूर्तीवरून मोजतें. पाणी मारुतीच्या गुडघ्यास लागलें, कमरेस लागलें, छातीस लागलें, एवढें कानावर आलें कीं कांठच्या बाजारांतले दुकानदार माल वर चढवूं लागतात. १९६९ चा पूर अजून वृद्धांच्या बोलण्यांत येतो. २००८ चा तर तरुणांनींही पाहिला. मोजमापाची ही रीत सोपी आहे, पण तिच्या पोटीं एक समजूत दडलेली आहे. पाऊस दैवाधीन, मनुष्यानें तो फक्त मोजावा आणि आपलें सामान उचलावें, अशी ती समजूत.

मनुष्याच्या हातून हवामान बिघडूं शकतें हा विचार मात्र आजकालचा नव्हे. पुण्याजवळ दापोडीच्या सरकारी बागेवर डॉ. अलेक्झांडर गिब्सन नांवाचे अधिकारी होते. कोंकणांतलीं व घाटावरचीं रानें तुटलीं कीं ओढे आटतात, जमीन कोरडी पडते, असें ते कंपनी सरकारास बजावीत होते. १८४७ सालीं मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक म्हणून त्यांची नेमणूक झाली. कंपनीस झऱ्यांची काळजी होती तशीच, किंबहुना अधिक, जहाजांच्या सागवानाची होती, हेंही येथें सांगितलें पाहिजे. पुढें जंगलखातें वाढलें आणि त्याचे निर्बंध पडले ते रानाच्या कडेला राहणाऱ्या रयतेवर. ‘शेतकऱ्याचा असूड’ या १८८३ च्या ग्रंथांत महात्मा फुले यांनीं जंगलखात्याविरुद्ध कडक तक्रार केली, आणि डोंगरावरून वाहून जाणारें पाणी व माती अडविण्यासाठीं बांध घालावेत असेंही सुचविलें. निसर्गाची दुरुस्ती कोणी ठरवावी आणि तिची किंमत कोणी मोजावी, हा वाद असा जुना आहे.

गिब्सन यांची नजर रानावर होती. खरें मोठें संकट धुराड्यांतून येत होतें. १८९६ सालीं स्वीडनच्या अर्‍हेनियस या शास्त्रज्ञानें गणित मांडून दाखविलें कीं, हवेंतील कर्बवायु, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, वाढल्यास पृथ्वीची उष्णता वाढेल. कारखान्यांचें युग सुरू होण्यापूर्वीं हवेच्या दहा लक्ष भागांत हा वायु सुमारें २८० भाग होता. आज तो ४२० च्या वर गेला आहे. पृथ्वीचें सरासरी तपमान तेव्हांपासून एका अंशाहून अधिक चढलें. एखाद्या वर्षाच्या गारपिटीचा सगळा दोष त्यावर टाकणें शास्त्रास धरून होणार नाहीं. तथापि २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारा, २०१९ च्या दिवाळीनंतरही न थांबलेला पाऊस आणि २०२३ च्या नोव्हेंबरांतला मारा, हे तिन्ही प्रसंग निफाडच्या द्राक्षबागाइतदारास आपल्या मुलांच्या वाढदिवसांसारखे पाठ झाले आहेत. तापलेल्या हवेंत बाष्प अधिक मावतें आणि पाऊस पडूं लागला म्हणजे तो अधिक जोरानें पडतो, हें तर भौतिकशास्त्राचें सरळ सूत्र आहे.

मग मनुष्याच्या हातीं काय आहे? एकट्यानें कांहीं होत नाहीं, आणि राष्ट्रें एकमेकांकडे बोट दाखवितात, असें नेहमीं बोललें जातें. या बोलण्याची पारख करण्यास नाशिक जिल्ह्यांतच एक जुना दाखला आहे.

बागलाणांतून मोसम आणि आरम या नद्या वाहतात. पलीकडे धुळें जिल्ह्यांत पांझरा वाहते. या खोऱ्यांत तीन-चारशें वर्षांपासून ‘फड’ नांवाची पाणीवांटपाची पद्धति चालत आली. नदींत दगडी बंधारा घालावयाचा, त्यांतून पाट काढावयाचा, पाटाला चाऱ्या फोडावयाच्या, चाऱ्यांतून सारंगांनीं पाणी शेतांत न्यावयाचें. ही झाली बांधणी, आणि ती पुष्कळ ठिकाणीं सांपडेल. खरी कुशलता कारभारांत होती. भिजणाऱ्या जमिनीचे बहुधा चार फड पाडीत. एका फडांत एकच पीक. एकांत ऊंस, दुसऱ्यांत गहू किंवा हरभरा, असें गांव ठरवी आणि दरसाल पिकें फिरवी. ज्याची जमीन ऊंसाच्या फडांत नसेल त्यानें आपल्या मर्जीनें ऊंस लावावयाचा नाहीं. पाटकरी पाटावर देखरेख करी, जागल्या शेतोशेत पाणी देई. शेतकऱ्यानें स्वतः फावडें घेऊन बारें फोडावयाचें नाहीं.

नदी आटली म्हणजे या व्यवस्थेची परीक्षा होई. पाणी कमी दिसलें कीं यंदा कोणते फड भिजवावयाचे आणि कोणते कोरडे ठेवावयाचे हें पंच ठरवीत. ज्या शेतकऱ्यांची जमीन तुकड्यातुकड्यांनीं निरनिराळ्या फडांत असे, त्यांच्यावर दुष्काळाचा भार सारखा वांटला जाई. कोणी एक बुडत नसे, आणि कोणी एक तरतही नसे. ज्याच्या नांवावर जमीनच नव्हती त्याला या पाण्यांत वांटा नव्हता, हा दोष झांकण्याचें कारण नाहीं. परंतु एकट्याची काटकसर फुकट जाऊं नये ही योजना त्यांत पक्की होती. फडाबाहेर एखाद्यानें पाणी कमी घेतलें तर तें वरचा शेजारी घेतो. फडांत वांचलेलें पाणी सर्वांचें वांचे.

पुष्कळ ठिकाणीं ही पद्धति मोडली. आणि ती दुष्काळानें मोडली नाहीं. नद्यांवर वरच्या अंगाला सरकारी धरणें झालीं आणि प्रवाहाचा ताबा गांवाकडून खात्याकडे गेला. दुसरीकडे वीज आली. ज्याच्यापाशीं पैसा होता त्यानें विहीर खोदली, पंप बसविला, आणि तो पंचांच्या हुकमांतून मोकळा झाला. मोकळें होणें कोणाला आवडत नाहीं? पण विहिरी वाढल्या तशी भूजलाची पातळी खालीं गेली, आणि ज्याच्यापाशीं पंप नव्हता तो मागें राहिला. आणखी एक गोष्ट अशी कीं, ही वीज बव्हंशीं कोळशाची. १९७० पासून नाशिकजवळ एकलहरें येथेंही कोळसा जाळून ती निर्माण होऊं लागली. गांवच्या पाटाचा करार मोडणारा पंप आणि आभाळांतला कर्बवायु यांचें नातें असें जुळतें.

राष्ट्रांचा व्यवहारही याच कसोटीवर पाहतां येतो. वातावरणांतील ओझोनचा थर विरळ होतो असें दिसल्यावर १९८७ सालीं माँट्रियल येथें करार झाला. घातक वायु कोणी किती व केव्हांपर्यंत कमी करावयाचे हें नेमून दिलें. गरीब देशांना अधिक मुदत व पुढें पैशाचें साह्य दिलें. कराराबाहेर राहणाऱ्यांशीं त्या मालाच्या व्यापारावर बंदी घातली. पुढें जगांतील सर्व राष्ट्रें त्यांत आलीं, आणि तो थर हळूहळू भरून येत आहे. तो फड होता. कर्बवायूचें तसें झालें नाहीं. १९९७ च्या क्योटो करारास अमेरिकेनें मान्यताच दिली नाहीं. २०१५ च्या पॅरिस करारांत प्रत्येक राष्ट्र आपला आंकडा आपणच सांगतें. चुकलें तर दंड नाहीं. अमेरिका त्यांतून २०२० सालीं बाहेर पडली, २०२१ सालीं परत आली, आणि २०२५ च्या जानेवारींत पुन्हां बाहेर पडण्याचें तिनें जाहीर केलें. आजवर हवेंत सोडलेल्या कर्बवायूपैकीं सुमारें चौथा हिस्सा त्या एका देशाचा आहे.

भारताची बाजू यांत अगदींच निर्दोष नव्हे, पण ती निराळी आहे. एकूण कर्बवायूंत त्याचा क्रमांक आज तिसरा लागतो. दर माणशीं हिशेब केला तर तो जगाच्या सरासरीच्या निम्म्याहूनही खालीं येतो. २०२१ सालीं ग्लासगो येथें भारतानें २०७० पर्यंत निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्याचें वचन दिलें. निफाडचा बागाइतदार तोंपर्यंत थांबणार नाहीं. कोणी बागेवर प्लॅस्टिकचें आच्छादन घालतो, कोणी छाटणीची वेळ मागेंपुढें करतो. हें त्याचें स्वतःचें सामान उचलणें झालें. आणि ज्याला आच्छादनाचा खर्च झेपत नाहीं त्याला तेंही उचलतां येत नाहीं.

बागलाणांत कांहीं बंधाऱ्यांवर फड अजून चालतो. पाट साफ करण्याचा दिवस ठरला कीं ज्यांचीं शेतें त्या पाटाखालीं आहेत त्यांनीं कामाला यावयाचें असतें. मग बंधाऱ्याजवळच्या शेतांत पाणी आधींच पोंचत असलें तरीही.