मुंबईचा दारूगोळा आणि साताऱ्याचा दरबार

तोफ डागणाराचें नांव इतिहासांत राहतें. तिची दारू विकणारा मात्र बहुधा नामानिराळा राहतो. अशाच एका विक्रेत्याची हकीकत आज सांगावयाची आहे.

इ. स. 1737 च्या मार्चांत मराठ्यांनीं ठाणें घेतलें आणि फिरंग्यांचा उत्तर प्रांत डळमळूं लागला. धर्मच्छळामुळें या राजवटीविषयीं कोंकणांत किती कटुता होती, हें सांगावयास नकोच. मुंबईकर इंग्रज वरकरणी तटस्थ. परंतु वसईला दारू व गोळे मुंबईहूनच पोंचत. पुढें फिरंग्यांनीं पैसे मागितले, तेव्हां 15,000 रुपये दिले. तेहि चर्चमधील चांदीचीं भांडीं व पितळी तोफा गहाण ठेवून घेऊन! वेढ्यांतल्या किल्ल्याला गोळे पुरवावयाचे आणि त्याच्याच तटावरील तोफा उतरवून न्यावयाच्या, असा हा शेजारधर्म.

मराठ्यांना हा अनुभव नवा नव्हता. 1660 सालीं पन्हाळ्याच्या वेढ्यांत राजापूरचे इंग्रज सिद्दी जौहराच्या बाजूनें तोफ डागावयास गेले होते. दुसऱ्याच वर्षीं शिवाजी महाराजांनीं राजापूरची वखार लुटून त्यांना कैदेंत टाकलें.

1739 च्या मे महिन्यांत वसई पडली, तेव्हां मुंबईकरांना ही गोष्ट आठवली असावी. त्यांनीं त्वरेनें दोन वकील धाडले. कॅप्टन इंचबर्ड चिमाजी अप्पांकडे वसईस, कॅप्टन गॉर्डन शाहू महाराजांकडे. गॉर्डनचें उघड काम मैत्रीचें, आंतलें काम दरबारांत पेशव्यांचे प्रतिस्पर्धी हुडकण्याचें. त्या सालीं महाराज साताऱ्याहून मिरजेच्या मोहिमेवर निघाले होते. एरव्हीं ते स्वतः स्वारीवर क्वचितच जात. गॉर्डनला दिसलें तें त्याच्या धन्यांना रुचणारें नव्हतें. बाजीरावांचा अंमल इतका अनिर्बंध कीं फूट पाडावयास जागा थोडी.

इकडे जुलैंत इंचबर्डनें तह जुळविला आणि इंग्रजांना पेशव्यांच्या मुलखांत व्यापाराची मोकळीक मिळाली. ज्या अपराधास राजापुरांत कैद, त्यासच वसईनंतर सवलत! तरी अप्पांना दोष देणें मला जड जातें. गोव्यास फिरंगी कायम होते, समुद्रावर संभाजी आंग्र्यांशीं बेबनाव होता. अशांत मुंबईशीं नवें वैर कशाला घ्यावें?

ज्या साष्टीच्या लढाईंत हा दारूगोळा खपला, ती साष्टी व ठाण्याचा किल्ला 1774 च्या डिसेंबरांत इंग्रजांनीं मराठ्यांकडून घेतला. सबब सांगितली ती ही, कीं गोव्याहून फिरंगी आरमार येत आहे.