घरच्या पडद्याचा धनी कोण?

दूरचित्रवाणीचा पडदा दिवाणखान्यांत आला, त्याबरोबर घरांत एक नवें वेळापत्रकही आलें. कार्यक्रम ज्या घटकेस प्रक्षेपित होईल त्या घटकेस मंडळींनीं पडद्यासमोर हजर असलें पाहिजे. जेवण, अभ्यास व पाहुणे यांनीं आपली सोय त्याप्रमाणें लावावी, असा हा दंडक होता. चित्रफितीच्या यंत्रानें तो प्रथम शिथिल केला. तेव्हां चित्रपटांच्या मालकांनीं न्यायालयाकडे धांव घेतली; परंतु अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें १९८४ सालीं पांच विरुद्ध चार मतांनीं असा निर्णय दिला कीं, प्रक्षेपित कार्यक्रम घरीं टिपून ठेवून सोयीच्या वेळीं पाहणें हा अपराध नव्हे. अशा रीतीनें वेळ प्रेक्षकाची झाली. कार्यक्रम टिपणारें यंत्र कोणाच्या आज्ञेंत राहावें, हा प्रश्न मात्र पुढें पंधरा वर्षांनीं उपस्थित झाला. लिनक्स संगणकावर घरगुती चित्रगृह उभारण्याचा इतिहास हा मुख्यतः या एका प्रश्नाचा इतिहास होय.

हेलसिंकी येथील विद्यार्थी लिनस टॉरवाल्ड्स यांनीं १९९१ सालीं लिनक्स या कार्यप्रणालीचा गाभा लिहिला आणि लवकरच तो जीपीएल नांवाच्या परवान्याखालीं सर्वांस खुला केला. हा परवाना रिचर्ड स्टॉलमन यांनीं रचिलेला होता. त्याचें सार असें कीं, ही आज्ञावली कोणीही घ्यावी, वापरावी, बदलावी. मात्र ती दुसऱ्यास देतांना तिचा मूळ मजकूरही द्यावा. १९९९ सालीं अमेरिकेंत टिव्हो नांवाची पेटी विक्रीस आली. फितीऐवजीं संगणकाच्या चकतीवर ती कार्यक्रम टिपून ठेवी, आणि तिच्या पोटांत लिनक्सच होतें. परवान्याचें अक्षर पाळून कंपनीनें मूळ मजकूर प्रसिद्ध केला. परंतु पुढें पेटीची रचना अशी केली कीं, कंपनीची अंकीय मुद्रा नसलेली आज्ञावली तिनें चालवूंच नये. पाककृति ग्राहकाच्या हातीं दिली, पण चुलीला कुलूप घातलें! स्टॉलमन यांस हें मान्य होण्यासारखें नव्हतें. २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या परवान्याच्या तिसऱ्या आवृत्तींत असल्या कुलपास मनाई करण्यांत आली. टॉरवाल्ड्स यांस मात्र यंत्राच्या बांधणीवर परवान्यानें अधिकार सांगावा हें पटलें नाहीं, आणि लिनक्सचा गाभा दुसऱ्याच आवृत्तीखालीं राहिला.

हा वाद चालू असतांच कित्येकांनीं तिसरा मार्ग धरिला होता. तो म्हणजे पेटी स्वतःच बांधण्याचा. जर्मनींत क्लाउस श्मिडिंगर यांनीं २००० सालीं उपग्रहावरून येणारे कार्यक्रम टिपणारी व्हीडीआर ही आज्ञावली लिहिली. अमेरिकेंत आयझॅक रिचर्ड्स हे केबल कंपनीनें दिलेल्या संथ व जाहिरातींनीं भरलेल्या पेटीस कंटाळले होते. त्यांनीं २००२ सालीं दुसरी लिहिली. सगळी करमणूक एकाच ठिकाणीं आणणारी पेटी ही निव्वळ दंतकथा, असें पुष्कळ दिवस बोललें जात होतें. त्यावरूनच या आज्ञावलीचें नांव मिथटीव्ही पडलें.

तिची रचना मोठी समंजस होती. कार्यक्रम टिपणारा संगणक घराच्या एका कोपऱ्यांत, आणि ते दाखविणारा पडद्यापाशीं. दोन्ही कामें एका यंत्रावर चालत, किंवा एका कोठारांतून घरांतील अनेक पडद्यांस पुरवठा होई. एकाच वेळीं दोन कार्यक्रम आले तर कोणता आधीं टिपावयाचा याचाही निवाडा ती करी. परंतु ही सोय हातीं येण्यापूर्वीं गृहस्थास दोन-चार रात्री तरी जागाव्या लागत. साध्या दर्जाचें एक तासाचें चित्र साधारण दोन गिगाबाइट जागा व्यापी. तें दाबून लहान करण्याचें ओझें संगणकावर पडूं नये म्हणून तें काम स्वतः करणारें हॉपॉजचें पीव्हीआर-२५० हें कार्ड लोक घेत. पण त्याचा चालक लिनक्सच्या गाभ्यांत २००७ पर्यंत समाविष्ट नव्हता, तो वेगळा बांधून घ्यावा लागे. रिमोटच्या प्रत्येक कळीचा अर्थ एका यादींत लिहून दिल्यावांचून संगणकास तो कळत नसे. आवाज एका तारेनें, चित्र दुसरीनें. आणि सर्व जुळलें तरी पंख्याची घरघर उरेच.

एवढें होऊनही एक उणीव राही. पंचांगावांचून मुहूर्त कळत नाहीं, त्याप्रमाणें कार्यक्रमांच्या वेळापत्रकावांचून हें यंत्र आंधळें होतें. उत्तर अमेरिकेंत तें वेळापत्रक ट्रिब्यून मीडिया सर्व्हिसेस ही संस्था अव्यापारी उपयोगासाठीं विनामूल्य देत असे. १ सप्टेंबर २००७ पासून तें बंद झालें. हजारों तास खर्चून उभारलेलीं यंत्रें एका दिवसांत निकामी होणार, असा प्रसंग आला. तेव्हां या कामांतील मंडळींनीं शेड्यूल्स डायरेक्ट ही बिननफ्याची संस्था काढली, सभासदांकडून वर्गणी घेतली आणि तीच माहिती विकत घेऊन वांटली. आज्ञावली मोकळी असून भागत नाहीं. तिला लागणारा शिधा कोणाच्या कोठारांतून येतो हेंही पाहावें लागतें, हा धडा या प्रसंगानें दिला.

दुसरी अडचण किल्लीची. विकत घेतलेल्या डीव्हीडीवरील चित्रपट सांकेतिक लिपींत बंद असे, आणि ती उलगडणारी अधिकृत आज्ञावली आरंभीं लिनक्ससाठीं नव्हती. १९९९ सालीं नॉर्वेंतील पंधरा वर्षांचा यॉन लेक योहान्सन व त्याचे सहकारी यांनीं ती लिपी उलगडणारी आज्ञावली प्रसिद्ध केली. त्याच्यावर खटला झाला. २००३ सालीं दोन्ही न्यायालयांनीं त्यास निर्दोष ठरविलें. त्याच वर्षीं अमेरिकेच्या दळणवळण आयोगानें असा नियम केला कीं, अंकीय प्रक्षेपणांतील एक खूण ओळखून नक्कल अडविणारींच ग्राहकयंत्रें १ जुलै २००५ नंतर तयार व्हावीं. असा नियम घरीं बांधलेल्या मोकळ्या यंत्रांच्या मुळावरच आला असता. तो अमलांत येण्यापूर्वींच, ६ मे २००५ रोजीं, आयोगास असा अधिकार नाहीं म्हणून न्यायालयानें तो रद्द केला. हा दावा ग्रंथालयांच्या संघटनेनें पुढाकार घेऊन लढविला होता, हें विसरतां येत नाहीं.

याच सुमारास दुसरा एक प्रवाह खेळाच्या यंत्रांतून निघाला. एक्सबॉक्सवर, त्याच्या निर्मात्यांच्या मनांत नसतांना, चित्रें व संगीत चालविणारी एक्सबीएमसी ही आज्ञावली हौशी लोकांनीं रचिली. २००७ पासून ती लिनक्सवर आली आणि २०१४ सालीं कोडी या नांवानें ओळखली जाऊं लागली. २०१२ सालीं रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक पस्तीस डॉलरांत मिळूं लागला, तेव्हां पंख्याची घरघरही गेली. पूर्वीं अनेक रात्रींचें असलेलें काम आतां एका सायंकाळचें झालें.

तथापि, जें सोपें झालें तें बांधणें. मूळ प्रश्न सुटला नाहीं. प्रक्षेपित कार्यक्रमांची जागा पुष्कळ घरांत आंतरजालावरून येणाऱ्या चित्रांनीं घेतली आहे. त्यांची किल्ली देणाऱ्याच्या हातीं असते, आणि आज पाहिलेलें चित्र उद्यां तेथें असेलच असें नाहीं. मिथटीव्ही बसविणें सोपें करणारी मिथबंटू ही योजनाही २०१६ सालीं थांबली. परंतु ज्यांनीं रात्री जागून आपली पेटी बांधली त्यांच्या चकतीवर टिपलेले कार्यक्रम अजून त्यांचेच आहेत. ते पाहण्यासाठीं त्यांस कोणाची परवानगी मागावी लागत नाहीं. त्या जागरणांचें मोल तें एवढेंच, आणि तें लहान नव्हे.